थांबली की थरथरणारी गाडी आणि घाटातला ब्रेक

मुंबईत नोकरी आणि महाड-पोलादपूरकडे घर, अशी विभागणी आपल्यातील किती तरी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पूर्वी एस.टी.च्या लाल डब्याची वाट पाहण्यात अर्धा दिवस जायचा. आता अनेकांच्या दारात चारचाकी उभी असते. ती बहुधा शोरूममधून आलेली नसते. निवृत्तीच्या पैशातून, सोसायटीच्या कर्जातून किंवा ओळखीच्या कुणाकडून घेतलेली ती दुसऱ्या हाताची, क्वचित तिसऱ्या हाताची मारुती, झेन किंवा ओम्नी असते. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायला, लग्नकार्याला, मे महिन्यात मुलांना गावी आणायला, २० मार्चला चवदार तळ्यावर यायला ती उपयोगी पडते. अशा गाडीविषयी थोडी तांत्रिक माहिती घरातल्या सर्वांना असावी, यासाठी हा लेखप्रपंच.

जुन्या पेट्रोल गाडीची एक तक्रार हमखास ऐकू येते. माणगाव, लोणेरे मागे टाकेपर्यंत गाडी झकास पळते. महाडात शिरल्यावर गर्दीत थांबली की थरथरू लागते. स्टिअरिंग हलते, आरसा हलतो, आणि आता बंद पडते की काय असे वाटते. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की पुन्हा शहाण्यासारखी चालते. पाय काढला की तेच. गॅरेजमध्ये नेली तर मेकॅनिक बॉनेट उघडतो आणि कार्ब्युरेटरवरचा रेसचा स्क्रू दोन आटे आत घेतो. थरथर जाते, पैसेही बेताचे लागतात, मालक खूश होऊन घरी जातो.

त्या दोन आट्यांनी नेमके काय झाकले गेले, ते मालकाला ठाऊक नसते. पुष्कळदा मेकॅनिकलाही नसते.

इंजिनाचा श्वास

पेट्रोलचे इंजिन हा एक पंपच आहे. पिस्टन खाली येतो तेव्हा तो हवा ओढतो. ही हवा एअर फिल्टरमधून कार्ब्युरेटरच्या घशात येते, तिथे तिच्यात पेट्रोल मिसळते, आणि पुढे मॅनिफोल्ड नावाच्या फाटे फुटलेल्या नळातून ती एकेका सिलिंडरला जाते. कार्ब्युरेटरच्या घशात एक चकती असते, तिला थ्रॉटल म्हणतात. ॲक्सिलरेटर दाबणे म्हणजे ही चकती उघडणे. पाय काढला की चकती जवळजवळ मिटते, पण पिस्टन ओढायचे थांबत नाहीत. नाक आणि तोंड दाबून श्वास घ्यायचा प्रयत्न केला तर गाल कसे आत ओढले जातात, तसा प्रकार होतो. चकतीच्या पलीकडे, मॅनिफोल्डमध्ये, हवा विरळ होते. या विरळपणाला व्हॅक्यूम म्हणतात आणि तो पाऱ्याच्या इंचांत मोजतात. बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब ३० इंचांच्या आसपास असतो. महाड समुद्रसपाटीपासून फार उंच नाही. तिथे निरोगी इंजिन स्लोमध्ये १७ ते २१ इंच व्हॅक्यूम दाखवते.

आता हिशेबाकडे वळू. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. कार्ब्युरेटर हा हिशेब सांभाळतो, पण तो फक्त आपल्या घशातून गेलेली हवा मोजतो. एखाद्या तडकलेल्या रबरी पाइपातून किंवा फाटलेल्या पॅकिंगमधून मागच्या दाराने हवा आत शिरली, तर तिच्या वाट्याचे पेट्रोल कुणी सोडलेलेच नसते. मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रण ठिणगी पडूनही कधी पेट घेते, कधी घेत नाही. जो सिलिंडर पेटला नाही त्याचा धक्का बसत नाही, आणि इंजिन लंगडते. गॅरेजमध्ये 'गाडी मिसिंग मारते', 'गाडी एअर घेते' म्हणतात, त्यातला पहिला शब्द लक्षणाचा आणि दुसरा कारणाचा.

हे भोक किती मोठे असावे लागते? बॉलपेनच्या रिफिलएवढे, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटरचे, पुरे होते. स्लोमध्ये आतला दाब इतका कमी असतो की अशा भोकातून हवा जवळजवळ आवाजाच्या वेगाने आत घुसते. मारुती ८०० चे इंजिन ७९६ सी.सी.चे. त्याला स्लोमध्ये जेवढी हवा लागते, तिच्या निम्म्याच्या आसपास हवा एवढ्याशा भोकातून येऊ शकते. तेच इंजिन रस्त्यावर जोरात पळताना मात्र दहापट किंवा त्याहूनही जास्त हवा घेते, आणि चकती उघडी असल्याने आतली ओढही कमी झालेली असते. तेव्हा ही चोरटी हवा कुठल्या कुठे हरवून जाते. गाडी पळताना चांगली आणि थांबली की आजारी का, याचे उत्तर इथे आहे.

सकाळी चोक ओढून चालू केली की गाडी बरी चालते आणि गरम होऊन चोक आत ढकलला की थरथरते, हेही याच रोगाचे लक्षण. चोकमुळे पेट्रोल जास्त येते आणि चोरट्या हवेची भरपाई आपोआप होते.

मारुती ८०० ला तीनच सिलिंडर. त्यातला एक लंगडला म्हणजे ताकदीचा तिसरा हिस्सा गेला. फियाटच्या घराण्यातील प्रीमिअर पद्मिनीला चार सिलिंडर असल्याने तेवढाच दोष तिच्यात जरा कमी जाणवतो. (कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर अधिकृतपणे निघून गेली. मारुती ८०० चे उत्पादनही जानेवारी २०१४ मध्येच थांबले. दोन्हींच्या इंजिनांवर हात बसलेले जुने मेकॅनिक आता विरळ होत चालले आहेत, म्हणून मालकानेच चार गोष्टी शिकलेल्या बऱ्या.)

हीच हवा ब्रेकला मदत करते

थरथर एवढाच प्रश्न असता तर लेख लिहायचे कारण नव्हते. थोडी थरथर सोसूनही माणूस घरी पोहोचतो. परंतु मॅनिफोल्डमधील या व्हॅक्यूमवर आणखी एक काम सोपवलेले असते, आणि पोलादपूरच्या माणसाला ते काम फार महत्त्वाचे आहे.

झेन, एस्टीमसारख्या ज्या गाड्यांना ब्रेक बूस्टर आहे, त्यांच्या बॉनेटखाली ड्रायव्हरच्या समोर पातेल्यासारखा एक गोल काळा डबा दिसेल. त्याच्या आत रबराचा पडदा असतो. मॅनिफोल्डमधून येणारा एक जाड पाइप या डब्यातील हवा ओढून घेत असतो. आपण ब्रेक दाबला की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा सोडली जाते, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम तसाच असतो, आणि हवेचा दाब आपल्या पायाच्या जोडीला येऊन पडदा ढकलतो. हिशेबापुरता डबा सात इंच व्यासाचा धरू. पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे २५० चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोनतृतीयांश किलो दाब धरला, तर दीडशे किलोच्या आसपास जोर ही नुसती हवा लावते. एवढ्या मदतीमुळेच घरातली कुणीही बाई पाच माणसांनी भरलेली गाडी एका पायाने सहज थांबवू शकते.

आता पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट डोळ्यांसमोर आणा. सुमारे ४० किलोमीटरच्या रस्त्यात गाडी जवळजवळ समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर चढते, आणि परत येताना तेवढीच उतरते. वळणामागून वळण, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. महाडहून भोरकडे जाणारा वरंधा घाट याच जातीचा. खेडकडे जाताना कशेडीला आता बोगदा झाला, त्यामुळे तिकडचा त्रास कमी झाला आहे. आंबेनळीत उतरताना ब्रेक पुन्हा पुन्हा लागतो. बूस्टरचा पाइप तडकला असेल तर इंजिन थरथरते आणि ब्रेकची मदतही घटते. दोन्हींचे कारण एकच पाइप. ब्रेक साफ जात नाही, हे खरे. पण पाय जिथे हलका ठेवला तरी चालत होते, तिथे दोन्ही पायांचा जोर आठवतो. वळणावर अचानक पेडल दगडासारखे लागले तर सवय नसलेला माणूस गोंधळतो.

रेसचा स्क्रू आत घेतल्याने यात भरच पडते. स्क्रू आत घेणे म्हणजे चकती थोडी उघडी ठेवणे. थरथर झाकली जाते, भोक तसेच राहते. वर पेट्रोल जास्त जळते, गिअर टाकताना खडखड होते, आणि उतारावर पाय काढला तरी इंजिन गाडीला धरून ठेवण्याऐवजी हळूच पुढे ढकलत राहते.

इथे एका जुन्या खोडीविषयी लिहिणे भाग आहे. पेट्रोल वाचवायचे म्हणून घाटात गाडी न्यूट्रल करून, कुणी तर चावी बंद करून सोडतात. इंजिन बंद झाले की व्हॅक्यूम तयार होणे थांबते. डब्यात साठलेला व्हॅक्यूम एक-दोन वेळा ब्रेक दाबण्यापुरता असतो, पुढचा ब्रेक आपल्या एकट्याच्या पायाचा. चावी जास्त फिरली तर स्टिअरिंगही कुलूप होते. याउलट दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढून उतरत असताना चकती मिटलेली आणि इंजिन वेगात फिरत असते. तेव्हा व्हॅक्यूम स्लोपेक्षाही जास्त असतो. म्हणजे गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीला इंजिनाचा अडथळा मिळतो आणि बूस्टरही भरलेला मिळतो. न्यूट्रलने वाचलेले पेट्रोल किती आणि घातलेला जीव किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

जुन्या पद्मिनीसारख्या ज्या गाड्यांना बूस्टरच नाही, त्यांना या विशिष्ट दोषाची भीती नाही. त्यांच्या ब्रेकला मुळातच पायाचा जोर जास्त लागतो आणि चालवणाऱ्याला त्याची सवय असते.

एका मिनिटाची ब्रेकची परीक्षा

ही परीक्षा घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबल्यावर कुणालाही करता येते. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा पूर्ण दाबा. पेडल कडक होईल. आता पाय दाबूनच ठेवा आणि गाडी चालू करा. पेडल पायाखाली थोडेसे खाली सरकले पाहिजे. सरकले म्हणजे व्हॅक्यूम डब्यापर्यंत पोहोचतो आहे. जागचे हलले नाही तर पाइप, त्याच्यातील एकमार्गी व्हॉल्व्ह किंवा डबा यांपैकी काही तरी बिघडले आहे. अशी गाडी घाटात नेऊ नये.

दुसरी परीक्षा याहून सोपी. गाडी मिनिटभर चालवून बंद करा. दोन-तीन मिनिटे थांबा. मग ब्रेक दाबा. पहिल्या वेळी पेडल नेहमीसारखे खाली गेले आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वर वर येत कडक झाले, तर डबा व्हॅक्यूम धरून ठेवतो. पहिल्याच वेळी कडक लागले तर तो कुठे तरी गळतो आहे.

महाबळेश्वरला पोहोचल्यावर पेडल किंचित जड लागले तर लगेच घाबरू नये. दर हजार फुटांना व्हॅक्यूम साधारण एक इंचाने उतरतो. महाडला १९ इंच दाखवणारे इंजिन वर १५ च्या आसपास दाखवणार. ती हवेची गोष्ट आहे, गाडीची नव्हे. तथापि ज्या गाडीत आधीच गळती आहे तिच्याकडे वर गेल्यावर शिल्लक फारच थोडी उरते. म्हणून उतरण्यापूर्वी वरही ही परीक्षा एकदा करावी.

गळती शोधायची कशी

आधी खात्री करून घ्या की दोष हवेचाच आहे. गाडी थांबलेली असतानाही मिसिंग मारते आणि चढावर भार पडल्यावरही मारते, तर बहुधा करंटचा दोष असतो: प्लग, प्लगच्या वायरी, डेल्कोची टोपी, पॉइंट. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत हे फार होते. रात्री अंधारात बॉनेट उघडून पाहिले तर तडकलेल्या वायरीवरून निळसर ठिणगी उडताना दिसते. तिला हात लावू नये. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरा. ती सतत बाहेर उडत राहिली तर ठीक. मधूनच आत ओढली गेली तर एखादा व्हॉल्व्ह जळला असण्याचा संभव आहे, आणि ते काम मोठे. हे सर्व नीट असेल आणि थरथर फक्त स्लोमध्येच असेल, तर हवेकडे वळा.

चोक हाताने ओढण्याचा असेल तर तो पहिला साक्षीदार. इंजिन पूर्ण गरम असताना चोक थोडा ओढा. थरथर कमी झाली तर मिश्रण पातळ आहे. वाढली आणि काळा धूर आला तर मिश्रण आधीच घट्ट आहे, आणि दोष हवेच्या गळतीचा नाही. एक फसगत मात्र लक्षात ठेवावी. कार्ब्युरेटरमधील स्लोचा बारीक जेट कचऱ्याने तुंबला तरी चोक ओढल्यावर गाडी सुधारते. म्हणून मिश्रणाचा स्क्रू हलकेच फिरवून पाहावा. तो किती आटे फिरवला हे लिहून ठेवावे. त्याने काहीच फरक पडत नसेल तर आधी जेट साफ करून घ्यावा. हे काम स्वस्त आहे, आणि पुष्कळ गाड्या एवढ्यानेच सुधारतात.

पुढचे काम दोघांनी करावे. एकाने सीटवर बसावे, दुसऱ्याने बॉनेटपाशी उभे राहावे. मुलगा सीटवर आणि आई बॉनेटपाशी, अशीही वाटणी चालते. बायकांचे कान बारीक आवाजाला तिखट असतात, असा आमचा अनुभव आहे. गाडी मोकळ्या अंगणात असावी. बंद पडवीत इंजिन चालू ठेवू नये, कारण सायलेन्सरचा वायू वासाशिवाय जीव घेतो. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, चाकांना दगड. पदर, ओढणी, मफलर खोचून घ्यावे. विजेवरचा पंखा आपण होऊन कधीही सुरू होतो, इंजिन बंद असतानासुद्धा.

आता ऐका. मोठी गळती साप फुसकारल्यासारखा 'स्स्स' आवाज करते. हातभर लांबीची रबरी नळी घेऊन तिचे एक टोक कानाशी आणि दुसरे टोक सांध्या-सांध्यापाशी फिरवले, तर डॉक्टरच्या नळीसारखा तिचा उपयोग होतो. जिथे फुसकार मोठी, तिथे चोर.

ऐकून सापडला नाही तर पाइप चिमटीत धरावेत. मॅनिफोल्डमधून निघणारा एकेक रबरी पाइप बोटांनी, जाड असेल तर फडके गुंडाळून पक्कडीने, मुळापाशी क्षणभर दाबायचा. एखादा दाबताच इंजिन सुतासारखे सरळ झाले, तर गळती त्या पाइपात किंवा त्याच्या पलीकडच्या टोकाला आहे. बूस्टरचा जाड पाइप दाबल्यावर फरक पडला तर शोध थांबवून ती गाडी थेट ब्रेकचे काम जाणणाऱ्याकडे न्यावी.

पाइप सगळे निर्दोष निघाले तर उरतात सांधे. न्हाव्याकडे असते तशी पाण्याची फवाऱ्याची बाटली घ्या. कार्ब्युरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्ड जिथे इंजिनाला जोडला आहे तिथे, एका वेळी एकाच जागी थोडे पाणी मारा. डेल्को आणि प्लगच्या वायरी मात्र कोरड्या राहू द्या. जिथे पाणी पडताच इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो तिथे फट आहे, कारण पाण्याने ती तेवढ्यापुरती बुजली. सायकलच्या ट्यूबसारखे बुडबुडे दिसतील अशी वाट पाहू नये. इथे हवा आत जाते, बाहेर येत नाही. साबणाचे पाणी मारले तर ते गुपचूप शोषले जाईल.

काही गॅरेजमध्ये याच कामाला पेट्रोल किंवा रॉकेल शिंपडतात. फट असेल तर इंजिनाचा वेग लगेच वाढतो, हे खरे. परंतु तापलेल्या सायलेन्सरच्या नळाशेजारी आणि ठिणगी देणाऱ्या वायरींखाली पेट्रोल शिंपडणे म्हणजे घर जाळून उंदीर शोधणे आहे. अगरबत्तीचा धूर धरून पाहण्याचीही पद्धत आहे. तीही पेट्रोलच्या जवळ नको.

ज्याला यात रस आहे त्याने व्हॅक्यूम गेज घ्यावे. काटा १७ ते २१ च्या मध्ये स्थिर तर ठीक. खाली, पण स्थिर, तर गळती किंवा इंजिनाचे टायमिंग मागे पडलेले. ठरावीक तालात टकटक करीत मागे पडणारा काटा व्हॉल्व्हकडे बोट दाखवतो. हे छोटे उपकरण शिकून घेतलेल्या होतकरू तरुणाला गॅरेजमध्ये मान आणि काम दोन्ही मिळते. आय.टी.आय.ला जाणाऱ्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे.

चोराच्या नेहमीच्या जागा

सर्वांत जास्त वेळा सापडतो तो पाइपाचा टोकाचा भाग. रबर तापून, गार होऊन कडक होते आणि नळीवर बसलेल्या टोकाला चिरते. गावी तीन-तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर हा दुसरा उमेदवार. तो वायरी कुरतडतो हे सर्वांना ठाऊक असते, पाइपांकडे कुणी पाहत नाही. तिसरी जागा म्हणजे मॅनिफोल्डवरचे वापरात नसलेले छोटे टोक. त्यावर रबराची टोपी असते. एसी काढून टाकलेल्या जुन्या गाडीत असे एखादे टोक स्क्रू कोंबून बंद केलेले सापडते, आणि एके दिवशी तो स्क्रू गळून पडतो.

कार्ब्युरेटरच्या बुडाखालचा जाड ठोकळा आणि त्याचे पॅकिंग ही चौथी जागा. नट गच्च आवळला की काम पक्के, अशी समजूत असते. वास्तविक जास्त आवळल्याने कार्ब्युरेटरचे बूड वाकते आणि मधोमध फट पडते. मग आणखी आवळतात, आणि फट आणखी वाढते. पाचवी जागा थ्रॉटलच्या दांडीची. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत ती भोकात खेळू लागते. इंजिन बंद करून ती हाताने हलवली तर खेळ कळतो. हे काम बुश बसवणाऱ्या जाणकाराचे, घरी करू नये.

डेल्कोच्या बाजूच्या डबीला जाणारा बारीक पाइप पुष्कळ गाड्यांत चकतीच्या वरच्या बाजूने निघतो, त्यामुळे तो फाटला तर स्लोपेक्षा ॲव्हरेजवर जास्त परिणाम होतो. तो काढून तोंडाने ओढून पाहावा आणि जिभेने बंद करावा. ओढ टिकली तर डबीचा पडदा शाबूत आहे.

अलीकडे यात पेट्रोलचीही भर पडली आहे. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. इथेनॉलला जळायला कमी हवा लागते. जुना कार्ब्युरेटर मात्र जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो, म्हणून मिश्रण मुळातच सात-आठ टक्क्यांनी पातळ होते. जी बारीक गळती पूर्वी खपून जात होती, ती आता जाणवू लागते. जुनी रबरी पॅकिंगही इथेनॉलने फुगतात आणि नंतर तडकतात. तेव्हा जुन्या गाडीचे पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा एकदा बदलून घेणे शहाणपणाचे.

सन २००० च्या सुमारास नवे प्रदूषणाचे निकष आले आणि कार्ब्युरेटर मागे पडून इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांत चोरटी हवा वेगळे रूप घेते. ज्या गाडीत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर आहे, तिथे संगणक जादा हवेला जादा पेट्रोल देतो. म्हणून थरथरीऐवजी स्लो उगाच वाढलेला राहतो किंवा वर-खाली होत राहतो. शोधण्याची पद्धत तीच. डिझेलच्या जीप, सुमो, बोलेरोत अशी चकतीची ओढ नसते. त्यांच्या ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, पुष्कळदा तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला. तिथे थरथर होणार नाही, पण ब्रेकची एका मिनिटाची परीक्षा त्यांनाही लागू आहे.

महाडकडे जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. जुलै २०२१ च्या पुरात शहर पाण्याखाली गेले आणि असंख्य गाड्या बुडाल्या. अशी गाडी बाहेरून रंगवून चकचकीत करता येते, बूस्टरचा डबा मात्र आतून गंजतो. घेण्यापूर्वी वरची परीक्षा विकणाऱ्याच्या दारातच करावी.

दुरुस्ती

टोकाला चिरलेला पाइप लांबीने पुरत असेल तर अर्धा इंच कापून पुन्हा क्लिप लावून बसवावा. पुरत नसेल तर व्हॅक्यूमसाठीचा, आत धाग्याची वीण असलेला पाइप घ्यावा. बागेला पाणी घालायची नळी बसवू नये, ती ओढीने चपटी होते आणि वाटच बंद पडते. बूस्टरच्या पाइपाच्या बाबतीत तर काटकसर अजिबात नको. तो नवा आणि त्याच गाडीचा घ्यावा, आणि त्यातल्या एकमार्गी व्हॉल्व्हची दिशा जुन्याप्रमाणेच ठेवावी. पॅकिंग बदलताना जुने पॅकिंग पूर्ण खरवडून काढावे, कार्ब्युरेटरचे बूड काचेवर ठेवून सपाट आहे का पाहावे, आणि नट समोरासमोरचे आळीपाळीने, बेताने आवळावेत. नळीतून येणारी डिंकासारखी सिलिकॉन तिथे लावू नये. पेट्रोलने ती सुटते आणि तिचे तुकडे आत जातात.

गळती बंद झाली की एक गंमत होते. इंजिन एकदम जोरात ओरडू लागते, कारण आधी कुणी तरी आत घेतलेला रेसचा स्क्रू तसाच असतो. इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे, तो स्क्रू मागे घेऊन फेरे मिनिटाला ८०० ते ९०० च्या दरम्यान आणावेत, आणि मग मिश्रणाचा स्क्रू इंजिन सर्वांत सफाईने चालेल तिथे ठेवावा. त्यानंतर ब्रेकची परीक्षा पुन्हा एकदा करावी. नवे पॅकिंग दबून बसते, म्हणून आठ दिवसांनी, इंजिन गार असताना, नट पुन्हा पाहावेत. कापून उरलेला पाइपाचा तुकडा आणि दोन क्लिपा डिकीत टाकून ठेवाव्यात. आंबेनळीच्या वळणावर दुकान नसते.